एका विशेषणाचे दोन न्याय

इंग्रजी भाषेशीं आमच्या मध्यमवर्गीय घरांचा पहिला परिचय झाला तो बहुधा कित्त्याच्या पुस्तकांतून. आणि ज्या नीतिवचनांवरून आमच्या वडीलधाऱ्यांनीं व मागाहून आम्हीं टाक फिरवून अक्षराला वळण लावून घेतलें, त्यांत ‘ऑनेस्टी’ हेंच सर्वांत उत्तम धोरण होय, या अर्थाचें वचन हटकून असावयाचें. त्या वचनांतील ‘धोरण’ या शब्दाकडे लक्ष देण्याचें आमचें वय नव्हतें. पुढें डब्लिनचे आर्चबिशप व्हेटली यांचा अभिप्राय वाचनांत आला, कीं वचन खरें असलें तरी केवळ तेवढ्याच आधारावर वागणारा मनुष्य ऑनेस्ट म्हणवून घेण्यास पात्र नाहीं. आणि कित्त्यांत इतका साधा दिसणारा हा शब्द वाटतो तितका साधा नसावा, अशी पहिली शंका आमच्या मनांत आली.

ही जुनी शंका पुन्हां जागी होण्यास कारण असें घडलें, कीं गेल्या पावसाळ्यांत शेक्सपीयरचें ‘ऑथेल्लो’ आमच्या घरीं रोज रात्रीं जेवणें आटोपल्यावर थोडें थोडें वाचलें जात होतें. आमच्या पुतणीच्या कॉलेजांत तें नाटक नेमलेलें. तिनें मूळ इंग्रजी वाचावयाचें आणि अडेल तेथें आम्हीं अर्थ सांगावयाचा, असा क्रम. चवथ्या अंकाचा दुसरा प्रवेश आला. ऑथेल्लो संतापानें वेडा झालेला, डेस्डिमोना त्याच्या पुढें गुडघे टेकून बसलेली, आणि आपण ऑनेस्ट आहों असें शपथेवर सांग, म्हणून तो तिला दरडावीत असलेला. येथें वाचन थांबलें. “काका,” पुतणी म्हणाली, “रुमाल हिनेंच लपविला असा याला संशय आहे काय? चोरीचा आळ घेतल्यासारखें ‘ऑनेस्ट आहेस का’ म्हणून काय विचारतो?” विणकाम करीत ऐकत बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींनीं हंसून मान खालीं घातली, आणि उत्तर देण्याचें काम आमच्यावर आलें.

प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. रुमाल खरोखरच हरवला आहे, मागच्याच अंकांत ऑथेल्लोनें त्याचा जाब विचारला आहे, आणि डेस्डिमोनेनें भीतीपोटीं तो हरवला नाहीं असें खोटेंही सांगितलें आहे. तेव्हां ज्या मुलीनें हा शब्द पैशाअडक्याच्या आणि खऱ्याखोट्याच्या संबंधांतच ऐकला आहे, तिनें असाच अर्थ करावा हें साहजिक होय. आजची लंडनमधील मुलगीही बहुधा असाच करील. कारण ज्या अर्थानें ऑथेल्लो विचारतो, तो अर्थ इंग्रजीच्या नित्य व्यवहारांतून जवळजवळ नाहींसा झाला आहे. मराठींत तर त्या दोन अर्थांचा एक शब्द सांपडणेंच कठीण. तेव्हां या नाटकाचें काय होतें, आणि मराठी अनुवादकानें काय करावें, एवढ्याच प्रश्नाचा येथें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

‘ऑनेस्ट’ या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंत आहे. ‘होनोस्’ म्हणजे मान. त्यापासून ‘होनेस्तुस्’, म्हणजे मानास पात्र, प्रतिष्ठित. फ्रेंच भाषेच्या द्वारें हा शब्द इंग्रजींत आला तेव्हां अब्रूदार, लौकिकवान्, चारचौघांत शोभेल असा, हाच त्याचा मुख्य अर्थ होता. माणसालाच काय, पण पोशाखालासुद्धां तो लावीत. हा मान बाहेरचा, लोकांनीं दिलेला. हळूहळू शब्द बाहेरून आंत शिरला. ज्याच्या मनांत कपट नाहीं, जो परक्याच्या पैशाला हात लावीत नाहीं आणि खोटें बोलत नाहीं, त्याचें तो विशेषण झाला. लौकिक नसलेला गरीब मनुष्यही त्याला पात्र ठरूं लागला. किंबहुना गरिबाच्याच वांट्यास तो अधिक येऊं लागला.

स्त्रीच्या बाबतींत मात्र शब्दाला ही वाट मोकळी नव्हती. तिचा मान म्हणजे तिचें शील, असें जगानें ठरवून टाकलेलें असल्यामुळें ‘ऑनेस्ट’ स्त्री म्हणजे शीलवती स्त्री, हाच अर्थ प्रामुख्यानें तिच्या पदरीं पडला. ती दिलेला शब्द पाळते कीं नाहीं, उसनें आणलेलें परत करते कीं नाहीं, याची चौकशी करण्याची कोणास गरज वाटली नाहीं. इंग्रजांस यासाठीं हंसण्याचें आम्हांस कारण नाहीं. आपला ‘अब्रू’ हा शब्द घ्या. सावकाराची अब्रू दिवाळें निघाल्यानें जाते. पुढाऱ्याची निवडणुकींत पडल्यानें जाते व पुढच्या निवडणुकींत परत येते. स्त्रीची अब्रू एकाच मार्गानें जाते आणि गेलेली परत येत नाहीं. शब्द एकच, पण न्यायासनें दोन. इंग्रजींत लग्नावांचून एकत्र राहिलेल्या स्त्रीशीं पुरुषानें अखेर लग्न केलें म्हणजे त्यानें तिला ‘ऑनेस्ट’ केलें असें म्हणण्याची रीत आहे. आतां हें थट्टेनें म्हणतात. पूर्वीं गंभीरपणें म्हणत. जुन्या अर्थाचा हा एक अवशेष तेवढा भाषेच्या अडगळींत शिल्लक आहे.

आणखी एक छटा येथेंच सांगून ठेवली पाहिजे, कारण पुढें तिचें काम पडणार आहे. मोठ्या माणसानें आपल्याहून खालच्या दर्जाच्या माणसाला खुषींत येऊन ‘ऑनेस्ट’ म्हणावें, असा इंग्रजींत पूर्वीं प्रघात होता. गाडीवानाला, शिपायाला, दुकानदाराला ही पदवी मिळे; सरदाराला सरदार ती सहसा देत नसे. तींत कौतुक असे, पण तें पाठीवर थाप मारण्याच्या जातीचें. आपल्याकडे ‘भला माणूस’ या शब्दांत हा सूर कधीं कधीं लागतो. साहेबानें कारकुनाला भला माणूस म्हटलें, तर कारकुनानें पगारवाढीची आशा सोडावी.

बाकीच्या उपयोगांचा पसारा मांडीत बसण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंत लिंकनच्या नांवामागें लोकांनीं हें विशेषण लावलें. १८७८ सालीं बर्लिनच्या परिषदेपूर्वीं बिस्मार्कनें आपली भूमिका सचोटीच्या दलालाची राहील असें सांगितलें. त्या जर्मन पदवीचें ‘ऑनेस्ट ब्रोकर’ असें इंग्रजी रूप रूढ झालें, आणि दोघांच्या भांडणांत पडणारें तिसरें राष्ट्र ती अजून हौसेनें लावून घेतें. बागेंतल्या एका जांभळ्या फुलांच्या झाडालाही इंग्रजींत ‘ऑनेस्टी’ म्हणतात. कां, तर त्याच्या वाळलेल्या शेंगांच्या पातळ पापुद्र्यांतून आंतलें बीं दिसतें. आणि अलीकडे बोलण्याच्या ओघांत वाक्याच्या आरंभीं या शब्दाचा जो उपयोग करतात, तो आपल्या ‘खरें सांगायचें तर’ इतकाच खरा असतो.

शेक्सपीयरच्या काळीं मात्र या शब्दाचे सर्व अर्थ एकाच वेळीं जिवंत होते, आणि नाटककारांना त्याची पुरती जाणीव होती. १६०४ सालीं डेकर व मिडल्टन यांच्या एका नाटकाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. त्याचें नांवच ‘ऑनेस्ट’ गणिका. हें नांव ऐकून लंडनचा प्रेक्षक कां थबकला असेल तें आतां सांगावयास नको; ‘प्रामाणिक वारांगना’ असें त्याचें भाषांतर केल्यास त्यांतील विरोध निम्मा नाहींसा होतो, कारण प्रामाणिक वारांगना असूं शकते. शेक्सपीयरनें स्वतः ‘अ‍ॅज यू लाइक इट’मध्यें विदूषकाच्या तोंडीं सौंदर्य आणि ‘ऑनेस्टी’ एकत्र नांदत नाहींत असा विनोद घातला, आणि ‘हॅम्लेट’मध्यें तोच विचार ओफीलियेच्या अंगावर दगडासारखा फेकला. ती ऑनेस्ट आहे काय, असें हॅम्लेट तिला विचारतो तेव्हां ती गोंधळते. कारण तिच्या बापानें तिला पडद्याआडून हॅम्लेटची परीक्षा पाहण्यासाठींच उभें केलेलें असल्यामुळें, प्रश्नाचा दुसरा अर्थही तिला टोंचतो. शीलानें ती निर्मळ आहे. त्या घटकेला ती निष्कपट मात्र नाहीं. आगरकरांनीं १८८३ सालीं ‘विकारविलसित’ या नांवानें ‘हॅम्लेट’ मराठींत आणलें. त्यांच्यापुढें आणि त्यांच्यामागून येणाऱ्या प्रत्येकापुढें या एका प्रश्नानें पेंच घातलाच असला पाहिजे.

परंतु ‘हॅम्लेट’मध्यें जो एक क्षण आहे, तो ‘ऑथेल्लो’मध्यें पांच अंकांचा पाया झाला आहे. हें नाटक १६०४ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस व्हाइटहॉलच्या राजवाड्यांत झाल्याची नोंद आहे. विल्यम एम्पसन या इंग्रज टीकाकारानें १९५१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत या नाटकांतील ‘ऑनेस्ट’ व ‘ऑनेस्टी’ यांचे प्रयोग मोजले. ते ५२ भरले. शब्द मोजणारे टीकाकार आम्हांस एरव्हीं फारसे प्रिय नाहींत. पाकशास्त्राच्या पुस्तकांत मीठ किती वेळां आलें हें मोजल्यानें जेवणाची चव कळत नाहीं. पण येथें मोजणाऱ्यानें नेमक्या जागीं बोट ठेविलें आहे, हें कबूल केलें पाहिजे.

कारण, ‘ज्यूलियस सीझर’मधील मार्क अँटनीच्या भाषणाशीं याची तुलना करून पाहा. तेथें याच धातूपासून झालेलें दुसरें विशेषण, म्हणजे ‘सन्माननीय’ या अर्थाचें, ब्रूटसला पुन्हां पुन्हां लावलें जातें. आणि ऐकणाऱ्या जमावाच्या कानांत तें एकाच भाषणांत नासतें. ‘ऑथेल्लो’मध्यें विशेषण पांच अंकभर नासत असतें आणि रंगभूमीवरील कोणालाही त्याचा वास येत नाहीं. प्रेक्षकाला मात्र पहिल्या प्रवेशापासून येतो.

पहिल्याच प्रवेशांत हा शब्द इयागोच्या तोंडीं येतो, आणि तो तिरस्कारानें येतो. धन्याच्या दारीं गाढवासारखे राबून, म्हातारपणीं हांकलून दिले जाणारे जे ‘ऑनेस्ट’ सेवक, ते चाबकानें फोडून काढण्याच्या लायकीचे आहेत असें तो म्हणतो. त्याचा राग समजण्यासारखा आहे. सेनापतीच्या दुय्यमाची जागा त्याला हवी होती. ती कॅशिओला मिळाली. इयागोला काय मिळालें? विशेषण मिळालें. सायप्रसला निघतांना ऑथेल्लो आपली नवी बायको त्याच्या हवालीं करतो, तो याच विशेषणाच्या भरंवशावर. कॅशिओ दारूच्या नशेंत दंगा करून नोकरी गमावतो आणि ज्यानें त्याला पाजली त्या इयागोचाच निरोप घेतांना तेंच विशेषण वापरतो. डेस्डिमोनेलाही इयागोविषयीं तोच शब्द सुचतो. एम्पसन यांनीं दाखविलें आहे कीं या शब्दांत वरून खालीं बोलण्याचा जो सूर आहे तो इयागोला झोंबतो, आणि मनांत येईल तें भडाभडा बोलून टाकणारा रांगडा गडी हा जो त्याचा दुसरा अर्थ, तो त्याला पांघरूणासारखा उपयोगीं पडतो. इयागोच्या दुष्टाव्याला पुरेसें कारणच नाहीं, या अर्थाचा निकाल कोलरिजनें दिला होता. ब्रॅडलेनें १९०४ च्या आपल्या व्याख्यानग्रंथांत त्याच्या मनाचा कसून तपास केला. सिंथिओच्या १५६५ सालच्या ज्या इटालियन कथेवरून हें नाटक घेतलें, तींतील निशाणदाराला साधें कारण आहे: तो नायिकेवर आसक्त असून ती त्याच्याकडे पाहत नाहीं. शेक्सपीयरनें तें कारण सैल केलें. आमच्या मतें त्यानें त्याच्या जागीं जें ठेविलें त्यांत या एका विशेषणाचा वांटा मोठा आहे. वर्षानुवर्षें ‘भला माणूस’ म्हणून घेतलेल्या माणसाचें काय होतें, हें कचेरींत आयुष्य घालविलेल्या आमच्या वाचकांस आम्हीं समजावून सांगावें असें नाहीं.

एम्पसन यांचा भर इयागोवर आहे. आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें तें तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशांत त्या शब्दाचें जें हस्तांतर होतें तें. इयागो आधीं कॅशिओविषयीं बोलूं लागतो. कॅशिओ ऑनेस्ट आहे ना, असें ऑथेल्लो विचारतो आणि इयागो तोच शब्द प्रतिध्वनीसारखा परत करतो. येथें अर्थ विश्वासू, सरळ, असा आहे. मग ऑथेल्लो मनाशीं म्हणतो कीं इयागो ऑनेस्ट आहे, म्हणूनच तो बोलतांना अडखळतो. येथें अर्थ सत्यवक्ता असा झाला. आणि थोड्याच वेळानें, डेस्डिमोना ऑनेस्ट आहे याविषयीं आपणास शंका नाहीं, असें तो म्हणून जातो. येथें अर्थ शीलवती. नाणें तेंच, तीन हातांतून फिरलें आणि प्रत्येक हातीं त्याची किंमत निराळी झाली. ऑथेल्लोला हें कळत नाहीं. त्याच्या मनांतला हिशोब सरळ आहे: ऑनेस्ट माणूस सांगतो आहे कीं बायको ऑनेस्ट नाहीं, दोघेही एकदम ऑनेस्ट असूं शकत नाहींत, तेव्हां एकाची निवड केली पाहिजे. एका क्षणीं ती तशी आहे असें वाटतें आणि नाहीं असेंही वाटतें, अशी त्याची तडफड होते. दोन्ही पारड्यांत एकच शब्द पडलेला असल्यामुळें तराजू बरोबर आहे असें त्याला वाटतें. पण वजनें दोन आहेत. पुरुषाला हा शब्द फुकट मिळतो; चार लोक म्हणतात, चेहरा रांगडा आहे, बस्स. स्त्रीला तो शपथेवर सिद्ध करावा लागतो, आणि शपथेवर सिद्ध होण्यासारखी ती गोष्टच नव्हे. म्हणून एक रुमाल पुरतो.

एमिलियेची साक्ष पाहा. चवथ्या अंकांत ती आपला आत्मा पणाला लावून सांगते कीं डेस्डिमोना ऑनेस्ट आहे. ऑथेल्लो ती साक्ष बाजूस सारतो. स्त्रीबद्दल स्त्रीनें बोललेलें त्याच्या न्यायासनापुढें पुरावा होत नाहीं. बियांकेची तऱ्हा आणखी निराळी. ती गणिका, एमिलिया तिला वेश्या म्हणून हिणवते तेव्हां ती उलटून म्हणते कीं मी तुझ्याइतकीच ऑनेस्ट आहें. प्रेक्षक येथें हंसतात. परंतु जखमी कॅशिओकडे धांवत येऊन त्याच्या पायीं विनाकारण पकडली जाणारी हीच स्त्री आहे, आणि तिचा शब्द एका अर्थीं खोटा असला तरी दुसऱ्या अर्थीं खरा आहे. ५२ प्रयोगांतील हा एक प्रयोग आम्हांस इतर बहुतेकांपेक्षां अधिक आवडतो.

आतां मराठीकडे वळूं. ‘ऑथेल्लो’चा आणि मराठीचा संबंध जुना आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांनीं १८६७ सालीं त्याचें भाषांतर प्रसिद्ध केलें. गोविंद बल्लाळ देवलांनीं १८९० सालीं त्याला ‘झुंझारराव’ करून मराठी रंगभूमीवर उभें केलें. विसाव्या शतकांत शिरवाडकरांनीं तें पुन्हां मराठींत आणलें. या थोर मंडळींच्या शब्दयोजनेची झडती घेण्याचा आमचा हेतु नाहीं. प्रश्न त्यांच्या कौशल्याचा नसून भाषेच्या सोयीचा आहे. आणि सोयीची वाट अशी, कीं इयागोला ‘प्रामाणिक’ म्हणावें, डेस्डिमोनेला ‘पतिव्रता’ म्हणावें, बियांकेच्या जागीं आणखी तिसरा शब्द घालावा. प्रत्येक वाक्य अशानें सुबोध होतें, आणि नाटकाचा फांस सुटतो. प्रामाणिक मनुष्य सांगतो कीं बायको पतिव्रता नाहीं. यांत विचित्र असें काहींच उरत नाहीं. ऑथेल्लो केवळ फसलेला नवरा होतो. एका शब्दानें तो फसला, हें प्रेक्षकाला ऐकूंच येत नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें असें, कीं अनुवादकानें एकच शब्द धरावा आणि तो पांचही अंक सोडूं नये, मग तो कांहीं ठिकाणीं खटकला तरी चालेल. पण कोणता?

‘प्रामाणिक’ प्रथम सुचतो. ‘नवऱ्याशीं प्रामाणिक राहणें’ असें आतां लोक बोलूं लागले आहेत, तेव्हां स्त्रीच्या बाजूनेंही तो अगदींच परका नाहीं. परंतु शब्द पुस्तकी. ‘प्रामाणिक इयागो’ म्हटलें कीं नोकरीच्या अर्जाला जोडलेलें शिफारसपत्र वाचल्यासारखें वाटतें. त्यांत पाठीवरची थाप नाहीं. ‘एकनिष्ठ’ सेवकाला आणि पत्नीला सारखाच शोभतो, पण तो गंभीर आहे, देवळांतला आहे; छावणींतल्या शिपायाला कोणी रात्रीचा निरोप घेतांना एकनिष्ठ म्हणणार नाहीं. ‘भला’ हा छावणींत चालेल. भला माणूस, भल्या घरची लेक, अशी दोन्हीकडे त्याची ये-जा आहे, आणि ‘मोठे भले!’ म्हटल्यानें उपरोधही साधतो. दोष असा कीं भला माणूस खोटें बोलूं शकतो. पुष्कळदां भलेपणापोटींच बोलतो. ‘अब्रूदार’ स्त्रीच्या बाजूनें नेमका. पुरुषाच्या बाजूनें तो पेढीवर बसतो आणि उठत नाहीं.

फार दिवस घोळवून आमचें मन ‘इमान’ या शब्दावर येऊन ठरलें आहे. इमानी चाकर, इमानी कुत्रा: यांत कौतुक आहे आणि वरून खालीं पाहणेंही आहे, आणि तेंच आम्हांस इयागोसाठीं हवें आहे. ‘इमानानें सांग’ म्हटलें म्हणजे खरें सांग. सत्याचा अर्थ साधला. ‘इमानेंइतबारें’ नोकरी केली म्हणजे विश्वासाला जागून केली. आणि ‘बेइमान’ हा शब्द मित्राला, नोकराला व बायकोला सारख्याच आवेशानें फेकून मारतां येतो. नवऱ्यानें बायकोला बेइमान म्हटल्यावर तिनें चोरी केली काय, असें कोणतीही पुतणी विचारणार नाहीं. हा शब्द मूळचा अरबी. त्याचा पहिला अर्थ धर्मश्रद्धा. फारशीच्या संगतीनें तो आपल्याकडे आला व गांवोगांव रुळला. जन्मानें मूर, पण ख्रिस्ती झालेल्या सेनापतीच्या तोंडीं तो आला तर एक जास्तीचा पदर त्याला आपोआप मिळतो. शेक्सपीयरच्या शब्दांत तो नाहीं, पण नाटकांत आहे. भाषाशुद्धीच्या चळवळीनें असले शब्द हद्दपार करण्याचा आग्रह धरला होता. गंमत अशी कीं १९२५ सालीं फारशी-मराठी कोश रचणारे माधव जूलियन हेच पुढें त्या चळवळीचे कैवारी झाले. सुदैवानें ‘इमान’ कोणाच्या हुकुमानें गांव सोडून गेलें नाहीं.

यावर आक्षेप येतील ते आम्ही जाणतों. पन्नासदां ‘इमानी’ ऐकून प्रेक्षक कंटाळेल, असें नाटकवाले म्हणतील. इंग्रजी प्रेक्षकालाही तो पन्नासदां ऐकावा लागतो. त्या ऐकण्यानेंच त्याचा जीव गुदमरतो. दुसरा आक्षेप खरा आहे आणि त्याला आमच्याजवळ पुरतें उत्तर नाहीं. आपला पति आपणास ऑनेस्ट समजत असेल अशी आशा डेस्डिमोना व्यक्त करते, त्या ठिकाणीं ‘इमानी’ शब्द घातला तर तो कुलीन स्त्रीच्या तोंडीं खालच्या पायरीवरचा वाटतो. चाकराचें आणि कुत्र्याचें विशेषण ती स्वतःसाठीं मागते आहे, असा भास होतो. त्या प्रवेशांतली तिची दीनवाणी स्थिति पाहतां तो भास सर्वस्वीं अनाठायीं नाहीं, असें आम्ही स्वतःची समजूत घालतों. पण ती समजूतच आहे. तेथें विशेषण टाकून ‘माझ्या इमानाविषयीं’ असें नाम योजल्यास कांहींसें निभावेल.

उलट एका जागीं मराठीला अनपेक्षित लाभ होतो. शेवटच्या प्रवेशांत, डेस्डिमोना मरून पडली आहे, इयागो उघडा पडला आहे, आणि ऑथेल्लोच्या हातांतली तलवार मोंटॅनोनें हिसकावून घेतली आहे. आयुष्यभर रणांत वागविलेलें शस्त्र असें कोणाही ऐऱ्यागैऱ्यानें काढून घ्यावें, याचें त्याला क्षणभर वाईट वाटतें. मग, एक गेल्यावर दुसऱ्यानें तरी मागें कां राहावें, अशा आशयाचें तो बोलतो. हीं दोन म्हणजे ‘ऑनर’ आणि ‘ऑनेस्टी’. लॅटिनमधील एकाच मुळाचे हे दोन फांटे. शतकांपूर्वीं वेगळे झालेले, येथें एका वाक्यांत शेजारीं येतात आणि एकदमच मरतात. त्या क्षणीं ‘ऑनेस्टी’ कोणाची, हें ऑथेल्लो सांगत नाहीं: बायकोची, जी कधीं गेलीच नव्हती, इयागोची, जी कधीं नव्हतीच, कीं स्वतःची. तिन्ही अर्थ शब्दांत उभे आहेत. ‘कीर्ति आणि प्रामाणिकपणा’ असें म्हणून येथें काय हातीं लागणार? पण ‘मान’ आणि ‘इमान’ म्हणून पाहा. एक संस्कृत, एक अरबी. नातें मुळींच नाहीं. तरी मराठी कानाला एक दुसऱ्याच्या पोटांतून निघाल्यासारखा ऐकूं येतो. मूळ वाक्यांतला नाद दुसऱ्या कोणत्याही जोडीनें इतका साधेल असें आम्हांस वाटत नाहीं.

नाटक संपलें त्या रात्रीं हें सर्व आम्हीं पुतणीला सांगितलें. तिनें पुस्तकाच्या समासांत पेन्सिलीनें ‘इमान’ असें लिहून घेतलें, थोडा वेळ त्याकडे पाहिलें, आणि पुढें एक प्रश्नचिन्ह काढलें.